जुन्या लॅपटॉपवरील फाइली नव्या लॅपटॉपवर कशा न्याव्यात?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आठ वर्षे वापरलेल्या, विंडोज १० असलेल्या लॅपटॉपच्या १ टीबी हार्ड डिस्कवर आपली सुमारे ३४० जीबी माहिती आहे आणि ती विंडोज ११ व ५१२ जीबी एसएसडी (फिरत्या तबकड्यांऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क) असलेल्या नव्या लॅपटॉपवर न्यायची आहे. दोन्ही लॅपटॉप केबलने जोडावेत, सारे क्लाउडवर चढवून पुन्हा उतरवून घ्यावे की बाहेरची डिस्क आणावी, हे ठरत नाही. बसवलेली सॉफ्टवेअरही तशीच नेता आली तर हवी आहेत, आणि सगळे झाल्यावर जुना लॅपटॉप पुतण्याला द्यायचा आहे. शेवटी आपण जाता जाता असेही लिहिले आहे की जुन्या लॅपटॉपमधून अधूनमधून टकटक आवाज येतो आणि त्या वेळी तो काही क्षण अडकून राहतो. माझ्या मते आपल्या संपूर्ण पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तेथूनच करतो.

फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्कमध्ये माहिती वाचणारे हेड तबकडीपासून केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असते. हवी ती जागा वाचता आली नाही की ते मागे जाऊन पुन्हा प्रयत्न करते आणि हा प्रकार वारंवार होऊ लागला की टकटक ऐकू येते. प्रत्येक आवाज म्हणजे बिघाडच असे नाही. वीज वाचवण्यासाठी हेड बाजूला नेऊन ठेवतानाही काही डिस्क हलका आवाज करतात. मात्र आवाजाबरोबर लॅपटॉप अडकत असेल, तर डिस्क काही भाग वाचण्यासाठी झगडत आहे असे धरूनच पुढचे पाऊल टाकावे. क्रिस्टलडिस्कइन्फो हे विनामूल्य साधन डिस्कची स्वतःची नोंदवही वाचून दाखवते. तीत ‘रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर्स’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ या दोन ओळींच्या ‘रॉ व्हॅल्यूज’ स्तंभात शून्याहून वेगळा आकडा असेल आणि वर पिवळी सूचना दिसत असेल, तर निवांत रविवारची वाट पाहू नये.

अशा डिस्कवर डीफ्रॅगमेंट (विखुरलेल्या फाइली सलग लावण्याचे काम) चालवू नये, ‘चेकडिस्क’ने दुरुस्तीचा प्रयत्न करू नये, आणि संपूर्ण डिस्कची विषाणू तपासणीही आत्ता करू नये, कारण ही तिन्ही कामे डिस्कला सर्वाधिक राबवतात आणि त्यांतून आपली एकही फाइल सुरक्षित जागी पोहोचत नाही. जे दुसरीकडे कोठेही नाही आणि पुन्हा मिळणार नाही, म्हणजे कुटुंबाची छायाचित्रे, स्कॅन केलेली कागदपत्रे, हिशेब, स्वतःचे लेखन, तेवढे आजच एखाद्या पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवावे. चित्रपट, गाणी, सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलर फाइली यांचा क्रमांक सर्वांत शेवटी लागतो. डिस्क सतत टकटकू लागली किंवा विंडोजला दिसेनाशी झाली, तर लॅपटॉप बंद करून माहिती परत मिळवून देणाऱ्या व्यावसायिकाकडे न्यावा. पुन्हापुन्हा चालू करून पाहण्याने उरलेली संधीही हातची जाते. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा एक उपाय अजूनही सांगितला जातो. त्याच्या वाटेला जाऊ नये. बाहेर काढल्यावर आत धरणारे दव तबकड्यांचे नुकसान करते.

एवढे झाले की मूळ कामाकडे वळता येईल. फाइली कॉपी करणे हा या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. माहिती गमावली जाते ती बहुतेक वेळा कॉपी करण्याआधी, आपली माहिती कोठे कोठे आहे याचा शोध अर्धवट घेतल्यामुळे, किंवा कॉपी झाल्यानंतर, पडताळणी न करताच जुना लॅपटॉप रिकामा केल्यामुळे. म्हणून मार्ग कोणता याची चर्चा करण्याआधी शोधाविषयी लिहितो.

सी ड्राइव्हमधील ‘यूझर्स’ फोल्डरमध्ये आपल्या नावाचा फोल्डर असतो आणि त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, व्हिडिओज इत्यादी फोल्डर असतात. बहुतेक जण एवढेच उचलतात. घरात एकाहून अधिक खाती वापरात असतील, तर प्रत्येकाचा स्वतंत्र फोल्डर तेथेच शेजारी असतो आणि तो पाहायचा राहून जातो. डी ड्राइव्ह असल्यास तोही यादीत घ्यावा, आणि सी ड्राइव्ह उघडल्यावर थेट समोर दिसणारे, विंडोजचे नसलेले फोल्डरही पाहावेत, कारण हिशेबाची आणि दुकानदारीची अनेक जुनी सॉफ्टवेअर आपली माहिती तेथेच ठेवतात. अशा सॉफ्टवेअरच्या बाबतीत फोल्डर उचलण्यापेक्षा त्याच्याच मेनूतील बॅकअपची सोय वापरावी, म्हणजे नव्या लॅपटॉपवर तेच सॉफ्टवेअर बसवून तो बॅकअप परत भरता येतो.

याखेरीज आपल्या नावाच्या फोल्डरमध्ये ‘अ‍ॅपडेटा’ नावाचा एक लपवलेला फोल्डर असतो. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ मेनूत लपवलेल्या वस्तू दाखवण्याचा पर्याय निवडला की तो दिसू लागतो. तो संपूर्ण नेऊन नव्या लॅपटॉपवरील अ‍ॅपडेटावर लादणे हा मात्र उपद्व्याप आहे. त्यात तात्पुरत्या फाइलींचा ढिगारा असतो आणि सॉफ्टवेअरच्या जुन्या जुळण्या नव्याशी भांडतात. त्यातून नेमके हवे तेवढेच घ्यावे. थंडरबर्ड हे ईमेलचे सॉफ्टवेअर वापरत असाल, तर त्याचा सगळा पत्रव्यवहार तेथील ‘रोमिंग’ या भागात थंडरबर्डच्या ‘प्रोफाइल्स’ फोल्डरमध्ये असतो. आउटलुकची पत्रे साठवणारी पीएसटी फाइल सहसा डॉक्युमेंट्समधील ‘आउटलुक फाइल्स’मध्ये सापडते, पण जुन्या आवृत्तीपासून चालत आलेली असेल तर तीही अ‍ॅपडेटातच असू शकते. पीएसटी कॉपी करताना आउटलुक पूर्ण बंद असले पाहिजे. ओएसटी फाइल नेण्याची गरज नाही. ती सर्व्हरवरील पत्रांची प्रत असते आणि खाते जोडले की नव्याने तयार होते. आपले खाते पीओपी पद्धतीने जोडलेले असेल, तर जुनी पत्रे सर्व्हरवरून केव्हाच उतरवून घेतलेली आणि केवळ याच लॅपटॉपवर उरलेली असण्याची शक्यता असते, म्हणून खात्याच्या सेटिंगमध्ये ते आधी पाहून घ्यावे.

मराठीत दीर्घकाळ काम केलेल्यांनी फॉन्टही तपासावेत. युनिकोडच्या आधीच्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेली कागदपत्रे नव्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नसेल तर निरर्थक रोमन अक्षरांसारखी दिसतात आणि फाइल बिघडली असा समज होतो. फाइल शाबूत असते. जुन्या लॅपटॉपच्या विंडोज फोल्डरमधील ‘फॉन्ट्स’मधून तो फॉन्ट आणून बसवला की मजकूर वाचता येतो. विंडोज १० च्या नंतरच्या आवृत्त्यांत एखाद्याच वापरकर्त्यासाठी बसवलेले फॉन्ट त्याच्या अ‍ॅपडेटातील ‘लोकल’ या भागात असतात, तेव्हा दोन्ही ठिकाणी शोध घ्यावा.

शोध घेताना ज्या एका गोष्टीने भले भले फसतात, ती म्हणजे क्लाउडवरील फाइलींच्या नुसत्या नावापुरत्या खुणा. वनड्राइव्ह चालू असेल, तर फाइलीच्या नावासमोरचे चिन्ह बारकाईने पाहावे. हिरवी बरोबरची खूण असेल तर फाइल खरोखर डिस्कवर आहे. निळसर ढगाचे चिन्ह असेल तर येथे फक्त नाव आहे आणि मजकूर क्लाउडवर आहे. अशा फोल्डरची कॉपी घेऊ गेल्यास प्रत्येक फाइल आधी इंटरनेटवरून उतरावी लागते, आणि जोडणी नसेल तर कॉपी मध्येच थांबते. त्या फोल्डरवर उजवी टिचकी देऊन ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडावे आणि सगळ्या खुणा हिरव्या होईपर्यंत थांबावे; किंवा तो फोल्डर कॉपीतून वगळून नव्या लॅपटॉपवर त्याच खात्याने प्रवेश करावा, म्हणजे तो आपोआप तेथे दिसेल. गुगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये दिसणाऱ्या गुगल डॉक्सच्या फाइली तर नुसते दुवे असतात. त्यांची कॉपी घेतल्याने मजकूर येत नाही. तो खात्यातच राहतो, आणि स्वतंत्र प्रत हवी असल्यास तो वर्डच्या किंवा पीडीएफच्या स्वरूपात उतरवून घ्यावा लागतो.

आता जागेचा हिशेब. ५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये सुमारे ४७६ जीबी दिसते, कारण उत्पादक दशमान पद्धतीने मोजतात आणि विंडोज द्विमान पद्धतीने. त्यातून विंडोज व सॉफ्टवेअर यांची जागा वजा केली की आपले ३४० जीबी मावतील, परंतु पुढे काही वाढवायला फारशी जागा उरणार नाही. एसएसडी काठोकाठ भरली की तिचा लिहिण्याचा वेगही मंदावतो. माझा सल्ला असा की सर्व ३४० जीबी बाहेरच्या डिस्कवर घ्यावेत आणि नव्या लॅपटॉपवर त्यांतले रोजच्या उपयोगाचे तेवढेच उतरवावे.

म्हणजे आपल्या मुख्य प्रश्नाचे माझे उत्तर बाहेरची डिस्क असे आहे. इतर मार्ग निरुपयोगी आहेत असे नाही. एका टोकाला क्लाउड आहे. वनड्राइव्हवर ५ जीबी आणि गुगल खात्यात १५ जीबी जागा विनामूल्य मिळते, त्यामुळे ३४० जीबीसाठी जागा विकत घ्यावी लागेल. शिवाय आपल्या जोडणीचा अपलोडचा वेग सेकंदाला २० मेगाबिट असेल, तर एवढी माहिती चढवायलाच सलग ३८ तासांच्या आसपास लागतील, आणि डाउनलोडचा वेळ वेगळा. टकटकणाऱ्या डिस्कला इतका वेळ चालू ठेवणे मला मान्य नाही. लहानसहान कागदपत्रांसाठी क्लाउड उत्तम, पण या प्रसंगासाठी नव्हे.

दोन लॅपटॉप थेट केबलने जोडण्याविषयी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. दोन्ही टोकांना सारखाच मोठा यूएसबी जोड असलेली साधी केबल दोन लॅपटॉपमध्ये लावून काहीही होत नाही, कारण दोघेही स्वतःला मालक समजतात. ती केबल लावूच नये. त्यासाठी मध्ये चिप असलेली खास डेटा ट्रान्सफर केबल मिळते. टाइप-सी ते टाइप-सी केबलने थेट जोडणी साधते ती दोन्ही लॅपटॉपवर थंडरबोल्ट किंवा यूएसबी४ हा वेगवान जोड असेल तेव्हा, आणि आपल्या आठ वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपवर ते असण्याची शक्यता कमी आहे. लॅनची केबल मात्र थेट जोडता येते. हल्लीची उपकरणे उलटसुलट तारांचा प्रश्न स्वतःच सोडवतात, दोन्ही लॅपटॉपना १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता आपोआप मिळतो आणि फोल्डर ‘शेअर’ केला की गिगाबिट जोडणीवर सेकंदाला ११० एमबीपर्यंत वेग मिळू शकतो. तरीही परवानग्या आणि फायरवॉल यांच्या गुंत्यात नवख्या माणसाची संध्याकाळ सहज जाते. वायफायवरून शेअर करणे हा त्याहून सोपा, पण संथ आणि मध्येच तुटणारा मार्ग आहे. (दोन्हीकडे मॅक असते, तर मी माइग्रेशन असिस्टंट चालवा एवढेच सांगून थांबलो असतो. विंडोजमध्येही पूर्वी ईझी ट्रान्सफर नावाची अशीच सोय होती. ती विंडोज १० पासून काढून टाकण्यात आली.)

बाहेरच्या डिस्कचा खरा लाभ असा की काम संपल्यावर तीच आपली बॅकअप प्रत म्हणून उरते. १ टीबीची डिस्क घ्यावी आणि यूएसबी ३ च्या जोडाला लावावी. त्याच्या आतील पट्टी बहुधा निळी असते किंवा शेजारी ‘एसएस’ अशी खूण असते. यूएसबी २ वर प्रत्यक्षात सेकंदाला ३० ते ३५ एमबीच मिळतात, म्हणजे ३४० जीबीला तीन तास. यूएसबी ३ वर मोठ्या फाइली सेकंदाला १०० एमबीच्या आसपास जाऊ शकतात, पण आपली जुनी हार्ड डिस्क तेवढ्या वेगाने वाचली जाईलच असे नाही, आणि हजारो छोट्या फाइली असतील तर वेग निम्म्याहूनही खाली येतो. प्रगतीची पट्टी थबकलेली दिसली तरी लगेच रद्द करू नये. डिस्कसोबत आलेलीच केबल वापरावी. फोनच्या चार्जरबरोबर मिळणाऱ्या अनेक टाइप-सी केबल दिसायला तशाच असल्या तरी माहिती यूएसबी २ च्याच वेगाने वाहतात.

डिस्क नवी असेल तर तिचे स्वरूप, म्हणजे तिच्यावर फाइली मांडण्याची पद्धत, पाहून घ्यावे. आपल्याकडे दोन्ही बाजूंना विंडोज असल्यामुळे एनटीएफएस योग्य. मॅकशीही देवाणघेवाण करायची असेल तर एक्सफॅट घ्यावे लागते, कारण मॅक एनटीएफएस डिस्क वाचतो पण तिच्यावर लिहीत नाही. मात्र एक्सफॅटमध्ये जर्नल, म्हणजे चालू बदलांची नोंद, नसल्यामुळे केबल अवचित निघाल्यास नुकसानीचा धोका अधिक. फॅट३२ असलेल्या जुन्या पेन ड्राइव्हवर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावतच नाही, मग ड्राइव्हवर कितीही जागा मोकळी असो.

प्रत्यक्ष कॉपी करताना ‘कट’ ही आज्ञा कटाक्षाने टाळावी. एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर कट-पेस्ट म्हणजे आतून कॉपी करून मूळ पुसणेच असते, आणि मध्ये वीज गेली किंवा केबल हलली तर अर्धे इकडे, अर्धे तिकडे अशी अवस्था होते. चार्जर लावलेला असावा आणि पॉवरच्या सेटिंगमध्ये झोपेची वेळ ‘नेव्हर’ करून ठेवावी. थोड्या फाइलींसाठी नेहमीचे कॉपी-पेस्ट पुरेसे आहे. आपल्या परिस्थितीत मात्र, ३४० जीबी आणि आजारी डिस्क असताना, मी विंडोजमध्येच अंतर्भूत असलेले, टंकलेल्या आज्ञेने फाइली कॉपी करणारे रोबोकॉपी वापरले असते, कारण नेहमीची कॉपी एका न वाचता येणाऱ्या फाइलीपाशी प्रश्न विचारत थांबते आणि रात्रभर तशीच थांबून राहते.

कमांड प्रॉम्प्ट ही आज्ञा टंकण्याची खिडकी उघडून, रोमन लिपीत, आधी रोबोकॉपी, मग अवतरणचिन्हांत जुन्या फोल्डरचा पत्ता, मग तसाच अवतरणचिन्हांत बाहेरच्या डिस्कवरील नव्या फोल्डरचा पत्ता आणि त्यापुढे स्विच, म्हणजे आज्ञेचे पर्याय, लिहायचे असतात. स्लॅश ई दिल्याने रिकाम्या फोल्डरांसह सर्व उपफोल्डर येतात. स्लॅश एक्सजे दिल्याने अ‍ॅपडेटासारख्या भागातील, स्वतःकडेच परत नेणारे आभासी फोल्डर वगळले जातात. ते न दिल्यास तेच ते फोल्डर एकात एक कॉपी होत जाण्याचा धोका असतो. स्लॅश डीकॉपी कोलन डीएटी दिल्याने फोल्डरांच्या मूळ तारखा टिकतात. पण आपल्यासाठी सर्वांत आवश्यक आहेत स्लॅश आर कोलन १ आणि स्लॅश डब्ल्यू कोलन १. ते न दिल्यास न वाचता येणाऱ्या प्रत्येक फाइलीसाठी रोबोकॉपी मुळात दहा लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून, प्रयत्न करत राहते. खराब डिस्कवर त्याचा अर्थ ती पहिल्याच खराब फाइलीपाशी अडकून बसणार. नोंद ठेवण्यासाठी स्लॅश लॉग ऐवजी स्लॅश युनिलॉग वापरावे, कारण साध्या लॉगमध्ये मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात आणि कोणती फाइल राहिली तेच कळत नाही.

तीन खाचखळगे येथेच सांगून ठेवतो. पत्त्याच्या शेवटी उलटा स्लॅश देऊन लगेच अवतरणचिन्ह बंद केले, तर आज्ञेचा अर्थच बदलतो आणि विचित्र चुका दिसू लागतात, म्हणून शेवटचा उलटा स्लॅश देऊ नये. संपूर्ण डी ड्राइव्ह एखाद्या फोल्डरमध्ये कॉपी केला, की ड्राइव्हच्या मुळाचे ‘लपवलेला’ आणि ‘सिस्टिम’ हे गुणधर्म त्या फोल्डरलाही चिकटतात आणि कॉपी पूर्ण होऊनही फोल्डर कोठेच दिसत नाही. ‘अ‍ॅट्रिब’ या आज्ञेने ते दोन गुणधर्म काढले की तो दिसू लागतो. तिसरे म्हणजे स्लॅश एमआयआर. इंटरनेटवर जागोजागी सुचवलेला हा स्विच, मूळ जागी नसलेले सर्व काही गंतव्य फोल्डरमधून पुसून टाकतो. दोन पत्त्यांची अदलाबदल झाली तर त्याच आज्ञेने मूळ माहिती नाहीशी होईल. या कामासाठी त्याची मुळीच गरज नाही.

काम संपल्यावर एक छोटा तक्ता दिसतो. ‘फाइल्स’च्या ओळीत एकूण, कॉपी झालेल्या, वगळलेल्या अशा स्तंभांपुढे ‘फेल्ड’ हा स्तंभ असतो. तेथे शून्य असेल तर उत्तम. सात दिसले, तर लॉगमध्ये ‘एरर’ हा शब्द शोधून त्या सात फाइली कोणत्या ते पाहावे. बहुतेकदा त्यांतल्या काही उघड्या असल्यामुळे राहिलेल्या असतात आणि काही खरोखरच खराब झालेल्या भागात असतात. तीच आज्ञा पुन्हा चालवली की आधी आलेल्या फाइली वगळून फक्त राहिलेल्यांचा प्रयत्न होतो, त्यामुळे ती दोनदा चालवण्याने काही बिघडत नाही.

पडताळणी यानंतर. जुन्या आणि नव्या फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’ शेजारी शेजारी उघडून फाइलींची संख्या आणि ‘साइझ’ या ओळीतील बाइटचा पूर्ण आकडा जुळवावा. त्याखालील ‘साइझ ऑन डिस्क’ ही ओळ जुळली नाही तर चिंता करू नये. प्रत्येक डिस्कवर जागेचे तुकडे वेगवेगळ्या मापाचे असू शकतात आणि तो आकडा त्यानुसार बदलतो. आकडे जुळले तरी मजकूर शाबूत आहे हे सिद्ध होत नाही, विशेषतः खराब डिस्कवरून आलेल्या फाइलींचे. म्हणून वेगवेगळ्या वर्षांची काही छायाचित्रे पूर्ण आकारात उघडून पाहावीत, एखादा मोठा व्हिडिओ मधूनच चालवावा आणि झिप फाइली उघडून पाहाव्यात. पीएसटीसारखी एखादी मोठी फाइल फारच मोलाची असेल, तर सर्टयुटिल या आज्ञेच्या ‘हॅशफाइल’ पर्यायाने दोन्ही प्रतींचा एसएचए२५६ अंक, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून निघणारा जणू तिचा ठसा, काढून ताडून पाहावा; एका बाइटचा फरक असला तरी तो पूर्ण वेगळा येतो. डिस्क काढताना ‘सेफली रिमूव्ह’ करूनच काढावी.

नव्या लॅपटॉपवर माहिती उतरवण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य पाहावी. मायक्रोसॉफ्ट खात्याने विंडोज ११ सुरू केले की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर वनड्राइव्हमध्ये जोडले जाण्याची दाट शक्यता असते, आणि पुष्कळदा ते आपल्या ध्यानातही येत नाही. अशा डॉक्युमेंट्समध्ये शेकडो जीबी ओतले की ते सर्व ५ जीबीच्या क्लाउडवर चढू लागते आणि काही मिनिटांतच जागा संपल्याच्या सूचना सुरू होतात. वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये जाऊन फोल्डरांचा बॅकअप आधी बंद करावा किंवा आपली माहिती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी. मी स्वतः दुसरा पर्याय सुचवतो, कारण वर्षांनुसार किंवा विषयांनुसार लावलेला स्वतःचा फोल्डर पुढच्या वेळी उचलायलाही सोपा जातो. छायाचित्रांच्या ‘क्रिएटेड’ तारखा कॉपीच्या दिवसाच्या झाल्या तर घाबरू नये. छायाचित्र काढल्याची मूळ तारीख फाइलीच्या आत नोंदलेली असते.

सॉफ्टवेअरविषयी उत्तर थोडक्यात नाही असेच आहे. प्रोग्रॅम फाइल्समधील फोल्डर उचलून नेल्याने सॉफ्टवेअर चालत नाही, कारण बसवताना त्याच्या नोंदी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या कोठारात, आणि इतर अनेक ठिकाणी होतात. संपूर्ण जुनी डिस्क नव्या लॅपटॉपवर जशीच्या तशी उतरवण्याच्या वाटेलाही जाऊ नये. ड्रायव्हर वेगळे, विंडोजचा लॅपटॉपसोबत आलेला परवाना बहुधा त्या जुन्या मदरबोर्डशी बांधलेला, आणि आठ वर्षांचा कचराही सोबत येणार. जुन्या लॅपटॉपवरील सॉफ्टवेअरची यादी करावी, परवान्याचे क्रमांक लिहून घ्यावेत, आणि ज्या सॉफ्टवेअरचा परवाना ठरावीक यंत्रांपुरता आहे ते जुन्यावर ‘डीअ‍ॅक्टिव्हेट’ करूनच नव्यावर बसवावे. ब्राउझरच्या बाबतीत खात्याने प्रवेश करून समक्रमण चालू करणे सर्वांत सोपे. क्रोमचा प्रोफाइल फोल्डर कॉपी केला तरी त्यातील पासवर्ड नव्या लॅपटॉपवर उघडत नाहीत, कारण ते जुन्या विंडोज खात्याच्या किल्लीने कुलूपबंद असतात. पासवर्ड सीएसव्ही फाइलीत काढून घेतले, तर ते त्या फाइलीत उघडेनागडे असतात, म्हणून नव्याकडे भरून होताच ती फाइल सर्व ठिकाणांहून पुसावी आणि रीसायकल बिनही रिकामी करावी.

राहता राहिला पुतण्याचा लॅपटॉप. निदान महिनाभर तो तसाच ठेवावा. काय राहिले ते पुष्कळदा एखादे जुने बिल किंवा करारपत्र शोधू गेल्यावरच कळते. या काळात त्यावरील फाइली हाताने पुसत बसू नये, कारण वनड्राइव्ह किंवा गुगल ड्राइव्हशी जोडलेला फोल्डर तेथे पुसला की क्लाउडवरून आणि पाठोपाठ नव्या लॅपटॉपवरूनही तो नाहीसा होतो. तसे झालेच तर दोन्ही सेवांच्या वैयक्तिक खात्यांत कचरापेटीतून ३० दिवसांच्या आत फाइली परत मिळतात. काही पुसायचेच असेल, तर आधी त्या लॅपटॉपवरून खाते बाहेर काढावे, म्हणजे ‘अनलिंक’ करावे.

ती टकटकणारी डिस्क पुतण्याच्या हाती देऊ नये असेच मी सुचवीन. लॅपटॉपमध्ये २.५ इंची, साटा प्रकारच्या जोडाची डिस्क असेल, तर तिच्या जागी तेवढ्याच मापाची ७ मिलिमीटर जाडीची साटा एसएसडी बसवून त्यावर विंडोज नव्याने घालावे. लॅपटॉप ओळखू न येण्याइतका चपळ होतो, आणि आपली जुनी डिस्क आपल्याच कपाटात राहत असल्यामुळे माहिती पुसण्याचा प्रश्नच उरत नाही. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, तेव्हा त्या लॅपटॉपचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसतो का तेही पाहावे. इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर त्यात आहेत.

डिस्क काढण्यापूर्वी मात्र जुन्या लॅपटॉपवर बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ (डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते तपासावे. चालू असेल, तर ती डिस्क पुढे कधी यूएसबी खोक्यात घालून वाचायची झाल्यास ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाईल. ती सहसा मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते, आणि कागदावर लिहून डिस्कपासून वेगळी ठेवलेली बरी. नव्या लॅपटॉपवरही एन्क्रिप्शन बहुधा आपोआप चालू झालेले असेल, त्यामुळे त्याचीही की त्याच वेळी लिहून घ्यावी. डिस्क बदलायची नसेल आणि लॅपटॉप आहे तसाच द्यायचा असेल, तर ‘रीसेट धिस पीसी’मध्ये ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडून सेटिंग बदलताना ‘क्लीन डेटा’ हा पर्याय चालू करावा. १ टीबीच्या हार्ड डिस्कला त्यासाठी अनेक तास लागतात, म्हणून ते काम चार्जर लावून रात्री सुरू करावे.